रामा: पहिलं पुस्तक झालं. पुढची तीन घ्यायची काय?

दुसरं गेट (बेळगाव)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. शुद्धलेखनाला हसू नका.

मी उद्यमबागेत, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर आहे. आयटीआय टर्नर. शाळा मराठी, रस्त्यावरची पाटी कन्नड, मशीनचा स्क्रीन इंग्रजी, असं आमचं तिहेरी काम. दोन वर्षांमागं पावसाळ्यात खडेबाजारातल्या एका रद्दीवाल्याकडं वीस रुपयांत एक इंग्रजी कादंबरी मिळाली. आर्थर सी. क्लार्कची 'रॉन्देव्हू विथ रामा', १९७३ सालची. घेतली ती मुखपृष्ठ बघून. एका प्रचंड सिलिंडरच्या आत उभं राहून बघितल्यासारखं चित्र. आम्ही दिवसभर हायड्रॉलिक सिलिंडरच्या बोअरमधी टॉर्च मारून बघणारी माणसं. बोअरच्या आत कुणी समुद्र आणि शहरं बसवलीत म्हटल्यावर वीस रुपये गेले तर गेले.

घरी आईनं विचारलं, कसलं पुस्तक रे? मी म्हटलं, रामाचं. तिनं ते देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आणि वर तुळशीचं पान. दोन दिवस मला उचलायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं, आई, हा राम वेगळा. "राम वेगळा असतो काय कधी?" म्हणाली. तिचंही बरोबरच म्हणा. पुस्तकात तसंच आहे, ग्रीक-रोमन देवांची नावं ठेवून ठेवून संपली म्हणून खगोलवाले हिंदू देवांकडं वळले.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साल २१३१. सूर्याकडं एक वस्तू येताना दिसते. आधी लघुग्रह समजतात, मग कळतं की हा कुणीतरी घडवलेला सिलिंडर आहे. लांबी पन्नासेक किलोमीटर, व्यास वीस, चार मिनिटांत स्वतःभोवती एक फेरा. एंडेव्हर नावाचं यान त्यावर उतरतं, कमांडर नॉर्टन आणि त्याची माणसं आत शिरतात. आत काळोख आणि गोठलेला समुद्र. सूर्य जवळ येईल तसं आतलं ऊबदार होतं, बर्फ वितळतं, एके क्षणी सगळे दिवे लागतात. माणसं हिंडतात, बघतात, मापं घेतात. ज्यांनी हे बांधलं ते काही भेटत नाहीत. आणि रामा सूर्याला वळसा घालून निघून जातो.

एवढीच गोष्ट. ही एवढीच गोष्ट मी चार महिने वाचत होतो, डिक्शनरी मांडीवर घेऊन, सेकंड शिफ्ट करून आल्यावर. कारण प्रत्येक पानावर हिशेब करावासा वाटायचा. मिनिटाला पाव फेरा, म्हणजे आमच्या चकच्या (जॉब धरून गरगर फिरवतो तो) मानानं मशीन बंदच. पण व्यास वीस किलोमीटर. परीघ जवळजवळ त्रेसष्ट किलोमीटर, तो चार मिनिटांत. म्हणजे बाहेरच्या पृष्ठभागाची गती मिनिटाला साडेपंधरा हजार मीटरच्या वर. आम्ही कार्बाइडच्या इन्सर्टला, म्हणजे कापायच्या पात्याला, दोनशे मीटर दिलं की धातूची चिप निळी पडून बाहेर येते. मग आतल्या भिंतीवर माणूस किती जोरानं दाबला जाईल ते काढलं. आतला व्यास सोळा किलोमीटर धरला तर उत्तर येतं साडेपाच मीटर प्रति सेकंद वर्ग, आपल्या जमिनीच्या अर्ध्याहून थोडं जास्त. जॉबकार्डाच्या मागं हे लिहिलेलं सुपरवायझरनं बघितलं आणि विचारलं, कुठल्या पार्टीचं काम आहे हे?

त्याच्या प्रश्नावरूनच मला कळलं की हे पुस्तक मला का आवडलं. आमच्याकडं कधी कधी असा जॉब येतो की ड्रॉइंगवर टायटल ब्लॉक कोरा. पार्टी कोण, पार्ट कशात बसणार, काही नाही. माप आहे, टॉलरन्स (माप किती इकडंतिकडं चालेल ते) आहे, फिनिश आहे. आपण करायचं. तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवायचं, टेम्पो येतो, घेऊन जातो. पंचवीस वर्षांत असे किती पार्ट केले, कुठल्या मशीनमधी फिरतायत देव जाणे. बायको म्हणते तुला कधी विचारावंसं वाटत नाही? वाटतं की. पण न विचारता पण काम चांगलं होतं. रामा तसला जॉब आहे.

आता अडचण. माझ्या प्रतीला शेवटचं पान नाही. रद्दीवाल्याकडूनच फाटून आलेलं. रामा निघून गेलाय, नॉर्टन त्याच्या मागं बघत बसलाय, तिथं माझं पुस्तक संपतं. मला काही फरक पडला नाही. संपल्यासारखंच वाटलं.

पण परवा कोल्हापूरला पाहुण्यांकडं गेलो होतो, तिथं जुन्या पुस्तकांच्या दुकानात सुतळीनं बांधलेली तीन जाड पुस्तकं बघितली. 'रामा टू', 'द गार्डन ऑफ रामा', 'रामा रिव्हील्ड'. क्लार्कच्या नावाखाली आणखी एक नाव, जेन्ट्री ली. तिन्हींचे मिळून सहाशे मागतोय. एकेक पुस्तक माझ्या रामाच्या दुप्पट तरी जाड. दुकानदार रविवारपर्यंत ठेवतो म्हणाला.

विचारायचं एवढंच. गेलेला रामा परत आलाच कसा? आणि सहाशे घालू काय?


चिकोडी एक्सप्रेस

पहिला प्रतिसाद माझा! एक नंबर धागा, काका.

मी पहिलंच पुस्तक वाचलंय, मोबाइलवर, तेही 'औमुआमुआ'मुळे. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये हवाईच्या दुर्बिणीतून ती वस्तू सापडली, दुसऱ्या सूर्यमालेतून आलेली पहिली पाहुणी, आणि लांबुळकी असावी असा अंदाज. तेव्हा तिला 'रामा' नाव द्यावं असं खगोलवाल्यांच्यात बोलणं झालं होतं. शेवटी हवाईयन नाव पडलं. दुसरी गंमत, पृथ्वीवर आदळू शकतील असले दगड शोधायच्या कामाला नासाच्या १९९२च्या अहवालात 'स्पेसगार्ड' म्हटलंय. ते नाव थेट या कादंबरीतून उचललेलं. कादंबरीत २०७७ साली इटलीवर उल्का पडते, पादुआ आणि व्हेरोना जातात, व्हेनिस बुडतं, मग जग जागं होतं. आमच्या कॉलेजात सर फक्त ब्लॅक होलबद्दल विचारतात.

तुमच्या हिशेबात माझी भर. आतला समुद्र आठवतोय ना, सिलिंडरला कंबरपट्ट्यासारखा, रुंदी दहा किलोमीटर. उत्तरेकडचा कडा पन्नास मीटरचा आणि दक्षिणेकडचा पाचशे मीटरचा. का? कारण रामा उत्तर दिशेला वेग घेणार तेव्हा पाणी मागं, दक्षिणेला चढणार. बादली घेऊन स्कूटरवर बसलं की कळतं. आता मधल्या रेषेपासून काठ पाच किलोमीटर, चढायला जागा पाचशे मीटर, म्हणजे दहाला एक असा उतार. तुमच्या साडेपाचचा दहावा हिस्सा ०.५५. याहून जास्त रेस दिली तर पाणी काठावरून बाहेर. इंजिन कुणी बघितलं नाही, पण त्याचा कमाल जोर भिंतीवरून निघाला! पुस्तकातली माणसं तो कडा बघूनच ओळखतात की हे यान कुठल्या तोंडानं पळणार. मी हे पान वाचून हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन आलो.

बाकीची तीन वाचली नाहीत. कुणीतरी सांगितलं की त्यात सीरियल आहे, सासू-सुना टाइप. सहाशेत कुंदा किती येईल विचार करा.

अवांतर: डेनी व्हिलनव्ह यावर सिनेमा काढणार अशी बातमी २०२१च्या डिसेंबरात आली होती. त्याच्याआधी कित्येक वर्षं मॉर्गन फ्रीमन प्रयत्न करत होता. मी वाट बघतोय.


खानापूरची बाई

चिकोडी एक्सप्रेस, न वाचलेल्या पुस्तकाला सासू-सुना म्हणू नये. तुझ्या सरांना सांगेन.

मी शाळेत शिकवते. चारही पुस्तकं वाचलीत, आणि वेगळं मत मांडणार आहे. तेव्हा 'दुसरं गेट'दादा, राग मानू नका.

पहिलं पुस्तक छान आहे, हे मान्य. पण त्यातली माणसं मला एकही आठवत नाही. नॉर्टन कोण? पृथ्वीवर एक बायको, मंगळावर एक बायको, दोघींना पत्राचा एकच मजकूर. याच्यापलीकडे त्याचं काय? जिमी पाक पंखांची सायकल घेऊन दक्षिण टोकाला उडत जातो, पडतो, परत येतो. तो परत आला तेव्हा मला आनंद झाला नाही, सायकलचं वाईट वाटलं. ते खेकड्यासारखं यंत्र येऊन तिचे तुकडे करतं आणि खड्ड्यात टाकतं, ते मात्र डोळ्यांसमोर आहे. क्लार्कला यंत्राबद्दल जेवढी माया आहे तेवढी माणसाबद्दल नाही, असं मला तेव्हापासून वाटतं.

'रामा टू'मध्ये निकोल देझार्दां येते. फ्रेंच बाप, आयव्हरी कोस्टच्या सेनुफो जमातीची आई, स्वतः डॉक्टर, घरी एक मुलगी, जिचा बाप कोण हे ती कुणाला सांगत नाही. सत्तर वर्षांनी दुसरा रामा आलाय, न्यूटन नावाच्या यानातून ही सगळी जातात, आणि शेवटी निकोल, रिचर्ड आणि मायकेल असे तिघंच आत राहतात. रामा त्यांना घेऊन चालू पडतो. 'गार्डन'मध्ये याच रामाच्या आत निकोलला मुलं होतात. पहिली सिमोन. दवाखाना नाही, आई नाही, बाळंतविडा नाही, आणि बाहेर काळोख. हे ज्याला सासू-सुना वाटतं त्यानं एकदा पावसाळ्यात खानापूरच्या जंगलातल्या वाडीवरून रात्री बाळंतिणीला खाली आणून बघावं. मी बघितलंय.

आणि बेंजी. निकोलचा मुलगा, बुद्धीनं मंद. विश्वातल्या सगळ्यात हुशार यंत्राच्या पोटात बसून ती बाई त्याला एकेक शब्द शिकवते. माझा धाकटा भाऊ तसाच होता. त्या पानांवर मी किती वेळ थांबले ते सांगत नाही. जगातल्या कुठल्याही विज्ञानकथेत मला माझ्या घरातलं माणूस भेटलं नव्हतं, इथं भेटलं. साडेपंधरा हजार मीटर प्रति मिनिटानं ते मला दिलं नसतं.

आता खरं तेही सांगते. 'गार्डन'चा दुसरा अर्धा भाग ओढून नेल्यासारखा आहे. दोन हजार माणसं आत वसवतात, बघता बघता जुगाराचे अड्डे, गुंडाचं राज्य, निवडणुकीत दमदाटी, मग शेजारच्या पंखवाल्या प्राण्यांच्या वसतीवर हल्ला. हे वाचायला सीरियस ताऱ्यापर्यंत जायची गरज नव्हती. आणि चौथ्यात, 'रिव्हील्ड'मध्ये, सगळं समजावून सांगतात. रामा कशासाठी, कुणाचा, देवाच्या मनात काय. तिथं मलासुद्धा वाटलं की बाई, गप्प बसली असतीस तर बरं झालं असतं.

माझं मत: दुसरं आणि तिसरं घ्या. चौथं वाचनालयातून आणा.


निपाणीकर मामा

धागा उशिरा पाहिला. बँकेत बदल्यांची नोकरी केली, प्रत्येक गावी एक ट्रंक पुस्तकं वाढली, त्यातल्या एका ट्रंकेत रामा घराण्याचा सगळा गोतावळा आहे. तेव्हा थोडी वंशावळ सांगतो.

'दुसरं गेट', तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या फाटलेल्या पानावर आहे. रामा परत कसा आला, तर त्या पानावरच्या शेवटच्या ओळीनं आला. पृथ्वीवर डॉक्टर कार्लाइल परेरा नावाचे शास्त्रज्ञ झोपेतून दचकून जागे होतात आणि त्यांच्या डोक्यात एक वाक्य घुमत असतं: रामावासी प्रत्येक गोष्ट तीनदा करतात. पुस्तक संपलं. आत सगळं तीनच्या पटीत आहे हे तुम्ही पाहिलंच असेल. तीन जिने, दिव्यांच्या पट्ट्या उत्तरेला तीन, दक्षिणेला तीन, तीन पायांचे कोळी. मग यान तरी एकच का असावं?

गंमत पुढे आहे. ही ओळ वाचून जगभरच्या वाचकांनी धरलं की क्लार्कनं तीन पुस्तकांचा बेत आखलाय. 'रामा टू'च्या प्रस्तावनेत क्लार्कनं सांगून टाकलंय की तसला काही बेत नव्हता, ती ओळ अगदी शेवटचा हात फिरवताना सुचली म्हणून घातली. पहिल्या पुस्तकाला ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले, पुढची सोळा वर्षं रामाचं दुसरं पुस्तक नाही. मग १९८९, १९९१ आणि १९९३ अशी तीन. लिहिण्याचं काम जेन्ट्री लीचं, क्लार्कच्या कल्पना आणि सूचना. हा ली कोण? अमेरिकेच्या जेपीएलमधला, म्हणजे नासाची याने बनवणाऱ्या प्रयोगशाळेतला इंजिनियर. मंगळावरच्या व्हायकिंग मोहिमेत होता, गुरूकडे गेलेल्या गॅलिलिओचा मुख्य इंजिनियर होता, कार्ल सेगनबरोबर 'कॉसमॉस' मालिकेच्या कामात होता. म्हणजे ज्या माणसानं खरोखरीची याने पाठवली, त्यानं रामात बाळंतपणं आणि भाऊबंदकी लिहिली, आणि ज्यानं कोलंबोत बसून नुसती कल्पना केली त्यानं कड्याच्या उंचीवरून इंजिन सांगितलं. मला यात विरोध दिसत नाही. मीही दिवसभर बँकेत आकडे पाहून घरी आल्यावर वर्तमानपत्रातली किमतींची पानं कधी वाचली नाहीत.

पुढची तीन पुस्तकं मूळ पुस्तकाचंच पीठ पुन्हा मळतात, हा माझा आक्षेप. एक उदाहरण देतो. पहिल्यात बुधावरची वसाहत घाबरून रामावर बॉम्ब पाठवते. तिथे चंद्रावर समितीच्या बैठका चाललेल्या, सगळ्या ग्रहांचे वकील भांडतायत. (समिती म्हटलं की आपल्या सीमाभागात कान टवकारतातच. पुस्तकातल्या समितीचंही ठरावांपलीकडे फार काही होत नाही.) तेव्हा रॉड्रिगो नावाचा एक श्रद्धाळू, मितभाषी माणूस जाऊन बॉम्बची वायर तोडून येतो. मोजकी पानं. 'रामा टू'मध्येही बॉम्ब आहे, श्रद्धाळू माणूसही आहे, मायकेल ओटूल, जनरल. तो बॉम्ब चालू करायला नकार देतो, आणि त्या नकारापर्यंत पोचायला जी घालमेल, जी प्रार्थना, जे स्वप्न, त्यात माझं निपाणी ते बेळगाव एसटीचं तिकीट वसूल झालं. खानापूरच्या ताई म्हणतील, माणूस तिथेच तर कळतो. कळतो खरा. रॉड्रिगो मला तीन वाक्यांत कळला होता, एवढंच.

गोतावळ्यातले चुलत भाऊही आहेत. लीनं एकट्यानं लिहिलेली दोन: 'ब्राइट मेसेंजर्स' १९९५ आणि 'डबल फुल मून नाइट' १९९९. जग तेच, काळ पहिल्या आणि दुसऱ्या रामाच्या मधला. जोहान नावाचा जर्मन इंजिनियर आणि सिस्टर बिआट्रिस, मंगळावर, आणि मध्येच दिसणारे प्रकाशाचे कण, देवदूत की आणखी काय. रामाचा पाट मांडलाय, रामच जेवायला नाही. १९९६ साली 'रामा' नावाचा संगणकावरचा खेळही निघाला. माझ्या पुतण्यानं तो आणला होता, कोडी सोडवत तीन महिने परीक्षेचा अभ्यास टाळला. चुलत भावांत मला तोच बरा वाटला, निदान आत हिंडता येतं.

अवांतर: क्लार्क १९५६ साली सिलोनला राहायला गेला. त्याच साली आपण, म्हणजे बेळगाव-निपाणीचा भाग, म्हैसूर राज्यात गेलो. तोही परत फिरला नाही.


दुसरं गेट

मामा, वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. बायकोनं विचारलं, कुणाचं काय झालं काय?

दोन वर्षं मी ज्या शेवटावर जीव टाकला तो शेवटच नव्हता. आता कळत नाही, रद्दीवाल्यानं मला फसवलं की माझ्यावर उपकार केले. माझ्या पुस्तकात रामा एकदाच येतो आणि जातो. तुमच्या सगळ्यांच्या पुस्तकात तो परत यायचा असतो. आपण एकच पुस्तक वाचलं नाही बघा.

आणि चिडचिड पण होते. तीनदा करतात म्हणजे काय, बॅच आहे? तीन नगांची ऑर्डर? मी ज्याला एकटा जॉब समजत होतो त्याचं ड्रॉइंग काढलं तर कोपऱ्यात 'नग: ३'. पण खरं बोलायचं तर हे पण पटतं. कारखान्यात एकच नग कुणी बनवत नाही. सेटिंगचा खर्च परवडत नाही.

चिकोडीच्या भावा, तुझा कड्याचा हिशेब दोनदा करून बघितला, बरोबर आहे. पाण्याची खोली पण धरायला पाहिजे, उत्तरेकडचं तळ उघडं पडलं तर उतार बदलेल. इंजिनियर होणार आहेस म्हणून सांगतो, टॉलरन्स लिहीत जा.

खानापूरच्या ताई, राग कसला. तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, बेंजीपर्यंतचा. ती म्हणाली, मग त्या पुस्तकावर ठेवायचं होतंस की तुळशीचं पान. पण एक सांगू काय. तुम्ही म्हणता पहिल्यात माणसं नाहीत. मला वाटतं आहेत, पण आपण कामावर असताना असतो तशी. शॉपमधी मला कुणी विचारत नाही घरी काय चाललंय. शेजारच्या मशीनवरचा माणूस अकरा वर्षं माझ्याबरोबर डबा खातो, त्याला मुलं किती ते मला पाच वर्षांनी कळलं. पण त्याचा हात मला माहीत आहे, कुठला जॉब त्याच्याकडून येणार आणि कुठला नाही. नॉर्टनची माणसं मला तशी माहीत झाली.

ते लंडन आठवतं? रामातल्या शहरांना माणसांनीच ठेवलेली नावं, लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क. लंडनमधी एक इमारत लेझरनं कापून आत जातात तर आत काचेसारखे खांब, आणि प्रत्येक खांबात एकेका वस्तूचं चित्र. हत्यारं, भांडी, काय काय. म्हणजे लागेल तेव्हा त्यावरून वस्तू बनवायची. अहो, ते टूलरूम आहे! पॅटर्न ठेवलेत! तिथंच तो अंगरखा दिसतो, तीन हातांच्या कुणाचा तरी. बांधणाऱ्यांबद्दल सगळ्या पुस्तकात मिळतं ते एवढंच. अंगात घालायच्या कपड्याचं चित्र. मला त्यावरून तो माणूस (माणूस कुठला म्हणा) जेवढा दिसला तेवढा चार पुस्तकांनी दिसला असता काय?


खानापूरची बाई

दादा, अंगरख्यावरून अंग ओळखता, तर बाळंतविड्यावरून बाळ ओळखायला काय हरकत आहे? घ्या हो 'रामा टू'. आवडलं नाही तर मी घेईन, तीनशेला.

आणि माझ्या प्रतीत शेवटचं पान आहे. फोटो पाठवू का?


चिकोडी एक्सप्रेस

बाई, मी 'गार्डन' वाचायला घेतलं. सिमोनच्या जन्मापर्यंत आलो. सासू-सुना शब्द मागं घेतो. (सरांना सांगू नका.)


दुसरं गेट

तीन आठवड्यांनी येतोय. शॉपमधी एक्स्पोर्टचा लोड होता.

कोल्हापूरला गेलो. दुकानदार तिन्ही एकत्रच देतो म्हणत होता, मी म्हटलं सुतळी सोड, एकच दे. 'रामा टू' अडीचशेला घेतलं. साठ पानं झालीत, सगळी अजून पृथ्वीवरच आहेत. शेअर बाजार कोसळलाय, टीव्हीवाल्या बाईचं काय काय चाललंय, रिचर्ड नावाच्या गड्यानं शेक्सपिअरच्या नाटकातली बोटभर माणसं बनवलीत, यंत्रं, बोलणारी. तो रिचर्ड मला आवडला. एवढ्या बारीक मापात काम करणारा माणूस वाईट असू शकत नाही. निकोल पण बरी वाटतेय. रामा अजून आलेला नाही. पहिल्यात इतक्या पानांत आम्ही आत उतरून जिना पण मोजला होता.

परवा रात्री एका जागी निकोल आपल्या मुलीला सोडून जाताना मागं वळून बघते, तिथं मी पुस्तक मिटलं आणि उगीच आत जाऊन धाकटीच्या अंगावर पांघरूण घातलं. आता हे पहिल्या पुस्तकानं केलं नव्हतं, कबूल. पहिल्या पुस्तकानं मी गॅलरीत गेलो होतो. दोन्ही वेळा झोप उडाली, पण उडण्यात फरक आहे.

ताईंनी फोटो पाठवला. आधी नको म्हटलं होतं, मग घेतला. वाचलं. परेराचं वाक्य मामांनी सांगितलं तसंच आहे. धाकटीनं प्रिंट काढून आणली आणि डिंक घेऊन बसली, म्हणाली बाबा, चिकटवू? पान मापात कापलेलं, कडा पण सरळ.

चिकटवलं नाही. घडी करून मागच्या पुठ्ठ्यात ठेवलंय. आईनं वर परत तुळस ठेवली.